पिल्लं उडेपर्यंत

"घरात पक्षी पाळलाय का एखादा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," सहदेव म्हणाला.

"पोपट, लव्हबर्ड, काहीही?"

"नाही हो मॅडम. कुत्रा नाही, मांजर नाही. आमच्याकडे काहीच नाही."

हेच उत्तर त्याने चारकोपच्या नेहमीच्या डॉक्टरांना दिलं होतं, आणि मग बोरिवलीच्या छातीच्या डॉक्टरांनाही. दर वेळी खोकल्याचं औषध बदलून मिळालं होतं.

हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलेल्या सुलक्षणाने नाकातली ऑक्सिजनची नळी जरा सैल केली. "कबुतरं आहेत," ती म्हणाली. "पण ती काही पाळलेली नाहीत. गॅलरीत येतात, अंडी घालतात, जातात."

डॉक्टर लिहीत होत्या, त्या थांबल्या. "किती दिवसांपासून?"

"दिशा सात वर्षांची होती तेव्हापासून. आता दहाची होईल."

"गॅलरी कोण झाडतं?"

"मीच. आणखी कोण झाडणार? ह्यांना वेळ कुठे असतो."

डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म पुन्हा उजेडावर धरली. बोलताना त्यांनी दोघांकडेही पाहिलं नाही. कबुतरांची वाळलेली घाण आणि पिसांची धूळ रोज श्वासातून आत जाते, काही माणसांच्या फुप्फुसांना ती मानवत नाही आणि हळूहळू फुप्फुसं आतून कडक होत जातात, असं त्यांनी सांगितलं.

"मग कबुतरं घालवली की बरं होईल ना?" सहदेवने विचारलं.

"वाढणं कदाचित थांबेल. जे कडक झालंय ते परत मऊ होत नाही."

सहदेवला ते वाक्य समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं. तो एसी दुरुस्त करायचा. छज्ज्यांवर, गच्च्यांवर बसवलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांची घाण वीतभर साचलेली असायची, ती खरवडताना तो नाकातोंडाला फडकं बांधायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, घशात जायचं म्हणून बांधायचा. संध्याकाळी घरी आला की ते फडकं धुवायला टाकायचा आणि गॅलरीत बसून चहा प्यायचा. शेजारीच कुंडीत कबूतर बसलेलं असायचं.

डॉक्टर गेल्यावर सुलक्षणा म्हणाली, "दिशाला सांगू नका."

"अगं, पण..."

"नाही सांगायचं. मी अंडी टाकून द्यायला निघाले होते तेव्हा तिनेच अडवलं होतं. आठवतं ना?"

त्याला आठवत होतं. शाळेत एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची वही फाडली होती, तेव्हापासून दिशा बोलेनाशी झाली होती. सकाळी दप्तर पाहिलं की उलटी करायची. सुलक्षणाने स्वतःची बालवाडीची नोकरी सोडली, तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. तरी पोर गप्पच. एके दिवशी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत कबुतराने अंडी घातली. सुलक्षणा कागद घेऊन उचलायला गेली, आणि मागून आवाज आला, "आई, राहू दे ना. पिल्लं उडेपर्यंत राहू दे."

कितीतरी दिवसांनी पोरगी सबंध वाक्य बोलली होती. मग कोण टाकणार अंडी?

त्या कुंडीभोवती दिशाची सगळी शाळा उभी राहिली. चित्रं, गणितं, पक्ष्यांची नावं, निबंध. सुलक्षणा घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होती, 'घरशाळा' नावाच्या. तिथे कोणी जेवणाच्या वेळा विचारायचं, कोणी सासूला कसं समजवायचं, कोणी मुलांना मांजर आणून द्यावं का कासव. सुलक्षणा सगळ्यांना उत्तरं द्यायची. कबुतरांवर तिने एक व्हॉइस मेसेज टाकला होता, तो ग्रुपवर गाजला होता. "हे बघा, घाबरू नका. अंडी फेकू नका. कुंडीवर प्लास्टिकचा क्रेट उपडा घाला, एका बाजूने वाट ठेवा, मुलांना जवळ बसून बघू दे. पिल्लं उडेपर्यंत राहू दे. महिनाभराची शाळा फुकट आहे!" आणि शेवटी ती हसली होती. हसताना जरा खोकली होती.

तो खोकला तेव्हा कोणाच्या कानावर आला नाही. सहदेवच्याही नाही.

दिवाळी यायच्या आत सुलक्षणा गेली.

ती हॉस्पिटलात असतानाच सहदेवने कबुतरं हाकलली, गॅलरी ओल्या फडक्याने धुऊन काढली आणि जाळी लावली. दिशाला सांगितलं, सोसायटीचा नियम आहे. दिशा सोसायटीच्या सेक्रेटरीवर इतकी चिडली की जिन्यात ते दिसले की मान फिरवायची. भला माणूस, त्यांना कारणही कळलं नाही. पोहण्याच्या क्लासला दाखला लागतो असं सांगून सहदेवने दिशाची फुप्फुसं तपासून आणली. नळीत फुंकून फुंकून ती हसली होती. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिला. पोहण्याचा क्लासही मग लावावाच लागला.

पुढे ग्रुपने त्याला सामील करून घेतलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. वेळापत्रक मोडू नका. तिच्यासमोर रडलात तरी चालेल. मार्तंड नावाचा एकजण ग्रुप चालवायचा, जुळ्या मुलांना घरी शिकवायचा. त्याने लिहिलं, "सहदेवभाऊ, दिशाला एखादा प्राणी आणून द्या. मन रमतं." सहदेवने नमस्काराचे हात टाकले आणि फोन खिशात ठेवला. सुलक्षणाचा फोन दिशाकडे होता. अभ्यास, चित्रं, सगळं त्याच्यावरच. ग्रुपवर त्या नंबरचं नाव अजून 'सुलक्षणा' असंच दिसायचं.

दिवसा दिशा खालच्या मजल्यावर रत्नप्रभाकाकूंकडे असायची. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, सुलक्षणानेच त्यांना ग्रुपवर ओढलं होतं. त्यांच्याकडे जेवायची, पुस्तक घेऊन वर यायची, परत खाली जायची. गप्पच असायची. पुन्हा तीच गप्प मुलगी.

थंडीच्या दिवसांत एकदा सहदेव गोरेगावला एका ऑफिसच्या गच्चीवर काम करत होता. फोन वाजू लागला. ग्रुपवर जोगेश्वरीच्या रश्मीने फोटो टाकला होता. कुंडी, काड्या, दोन अंडी. "सासूबाई म्हणतात फेकून दे. श्रेयस म्हणतो ठेवू या. सात वर्षांचा जज बसलाय घरात. मी काय करू, सांगा यार."

मार्तंडने लगेच लिहिलं, "सासू विरुद्ध कबूतर, मी कबुतराच्या बाजूने." मग त्याने शोधून तो जुना मेसेज वर काढला. सुलक्षणाचा. खाली पटापट फुलं, नमस्कार, डोळ्यांत पाणी. कोणी लिहिलं, ताई आपल्यातच आहेत. मार्तंडने लिहिलं, "हा मेसेज म्हणजे ग्रुपचा ठेवा आहे. ठाण्याच्या आणि पुण्याच्या ग्रुपवरही पाठवतो."

आणि मग 'सुलक्षणा' नावाने नवा व्हॉइस मेसेज आला.

सहदेवने फडकं गळ्यात ओढून घेतलं आणि फोन कानाला लावला. "नमस्कार रश्मीमावशी, मी दिशा. आईने सांगितलंय ते बरोबर आहे. क्रेटला वाट ठेवताना वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. ज्वारी ठेवा, भात नको. श्रेयसला सांगा, पहिल्या दिवशी पिल्लं पिवळी आणि कुरूप दिसतात, घाबरू नकोस. आमची पण तशीच होती."

आवाज हुबेहूब आईचा. शब्द संपताना जरा वर जाणारा. इतके महिने मुलगी हो-नाहीपलीकडे गेली नव्हती, आणि आता हे. सहदेवला क्षणभर इतकं बरं वाटलं की तो नुसता उभा राहिला. मग समोरच्या युनिटवरची घाण वाऱ्याने जरा उडाली आणि त्याने फडकं झटकन नाकावर ओढलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. एकच तर घरटं, आपल्याकडे तीन वर्षं होती, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढचे काही आठवडे घरात सणासारखे गेले. दिशा जेवताना बडबडायची.

"बाबा, श्रेयसने नावं ठेवलीत. एकाचं शेंगदाणा, एकाचं जज."

"हां?"

"तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतोय गं. शेंगदाणा आणि काय?"

"जज! सगळे मलाच विचारतात आता. मार्तंडकाका म्हणतात, आईची गादी दिशाने चालवली. गादी म्हणजे काय रे? झोपायची?"

"नाही. जागा. आईची जागा."

दिशाने मान डोलावली, जणू तिला आधीच ठाऊक होतं.

रविवारी सकाळी तो गॅलरी धुवायला गेला. तोंडाला मास्क, हातात ओलं फडकं, नेहमीसारखं. कोपऱ्यातल्या कुंडीमागे ज्वारीचे दाणे पडले होते. त्याने वर पाहिलं. जाळीचा खालचा कोपरा कापलेला होता. कात्रीने, नीट, कबूतर आत येईल एवढाच. कडांना दोन पिसं अडकली होती. आणि कुंडीवर उपडा क्रेट. वाऱ्याच्या उलट बाजूला वाट ठेवलेला.

त्याने वाकून पाहिलं. अंडी नव्हती. काड्या मात्र येऊन पडल्या होत्या.

आत दिशा खोकली. एकदाच. सकाळी उठल्यावर माणूस खोकतो तशी. सहदेव हातातलं फडकं तसंच धरून दुसऱ्या खोकल्याची वाट बघत राहिला. तो आला नाही.

त्याच वेळी खिशात फोन वाजला. ग्रुपवर रश्मी. "पिल्लं झकास आहेत, पण आमच्या श्रेयसचा खोकला जात नाही. लहानपणी दमा होता, पंप बंद झाला होता, परत सुरू केलाय. घरगुती काही सांगा ना."

रत्नप्रभाकाकूंचं उत्तर आलं, "आडुळशाचा रस, मध घालून. हवा बदललीय." कोणी ज्येष्ठमध सांगितला. कोणी हळद-दूध. मार्तंडने लिहिलं, "सगळ्या मुंबईलाच खोकला आहे."

सुलक्षणालाही हेच सांगितलं होतं. ह्याच माणसांनी, ह्याच मायेने, ह्याच क्रमाने. सहदेवने स्वतः आडुळशाची पानं आणून दिली होती. वर्षभर.

तो जिन्यात गेला, दार ओढून घेतलं आणि रश्मीला फोन लावला.

"अरे सहदेवदादा! बोला ना."

"रश्मीताई, घरटं काढा. आत्ता. पण कोरडं झाडू नका. आधी पाणी मारा, तोंड बांधा, श्रेयसला दुसरीकडे पाठवा."

"काय झालं? दिशाने तर सांगितलं की..."

"दिशाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"सुलक्षणा कशाने गेली ते."

 फोनच्या पलीकडे श्रेयस कोणाशी तरी भांडत होता, खेळण्यावरून. मग सहदेवने सगळं सांगितलं. डॉक्टर, गॅलरी, झाडणं. वेळ फार लागला नाही.

"देवा," रश्मी म्हणाली. "दादा, आधी का नाही हो सांगितलंत?"

दार नीट लागलंय का ते त्याने वळून पाहिलं.

"तुमच्यावर रागावत नाहीये. मी उद्याच श्रेयसला दाखवते. पण दादा, ग्रुपवर टाकायला हवं. तो मेसेज किती लोकांकडे गेलाय माहितीये? माझ्या बहिणीला नाशिकवरून आला, तिने मलाच पाठवला. काय गोड बोलल्यात बघ म्हणून."

"टाका. पण दिशा वाचते. मी आधी तिला सांगतो. संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"थांबते. संध्याकाळपर्यंत. जास्त नाही थांबता येणार, दादा."

तो आत आला. दिशा स्वयंपाकघरात दूध पीत होती. ओठावर साय. त्याच्या चेहऱ्यावरचा मास्क अजून तसाच होता.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. "जाळीचं."

"कळलं."

"सोसायटीवाल्यांना सांगणार?"

"सोसायटीचा नियम नाहीच आहे, दिशा. मी खोटं बोललो."

त्याने खुर्ची ओढली. रात्ररात्र त्याने ह्या बोलण्याची तयारी केली होती, ती काही उपयोगी पडली नाही. त्याने डॉक्टरांचंच वाक्य सांगितलं. धूळ, श्वास, फुप्फुसं. जे कडक होतं ते परत मऊ होत नाही. श्रेयसच्या खोकल्याचंही सांगितलं.

दिशाने ग्लास खाली ठेवला. नीट, आवाज न करता.

"आईला माहीत होतं?"

"शेवटी कळलं. आधी नाही."

"मीच म्हटलं होतं, राहू दे."

"तू सात वर्षांची होतीस गं. मी चाळिशीचा होतो. मी रोज तोंड बांधून तीच घाण साफ करायचो. मला कळायला हवं होतं."

"पण म्हटलं मीच होतं."

"हो," सहदेव म्हणाला. त्याला नाही म्हणता येईना. "आणि त्यानंतर तू बोलायला लागलीस. आई म्हणायची, ती अंडी टाकली असती तर माझी पोरगी परत आली नसती. हॉस्पिटलातही म्हणायची."

हे खरं होतं, आणि ते ऐकून दिशाला काय झालं ते त्याला तिच्या तोंडावरून कळलं नाही. ती उठली, खोलीत गेली. त्याला वाटलं, आता दार लागणार, पुन्हा ती शाळेनंतरची शांतता. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कात्री होती. तिने ती त्याच्यासमोर ठेवली.

"तुझ्या बॅगेतले ते पट्टे दे. वायरी बांधतोस ते."

त्याने केबल टाय काढून दिले. तिला मास्क लावला, मागची दोरी घट्ट केली. दोघांनी क्रेट ओला केला, काड्या ओल्या केल्या, पिशवीत बांधल्या. मग दिशाने जाळीच्या कडा धरल्या आणि त्याने एकेक पट्टा ओढून भोक बंद केलं. वरच्या पाइपावर कबुतरांची जोडी येऊन बसली होती. त्यातलं एक खाली आलं, नेहमीच्या जागी आपटलं, जाळीला नखं लावून लटकलं, आणि आत डोकावत राहिलं. दिशाने त्याच्याकडे पाहिलं. हुस म्हणाली नाही. सहदेवही म्हणाला नाही. काही वेळाने ते आपणच उडालं.

उन्हं कलली तेव्हा रत्नप्रभाकाकू वर आल्या. "काय रे सहदेवा, आज जेवायला पाठवली नाहीस पोरीला?" मग त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले. डबा ठेवला आणि गेल्या.

"रश्मीमावशी लिहिणार आहे?" दिशाने विचारलं.

"हो. संध्याकाळी."

"तिचं कोण ऐकणार? सगळ्यांकडे आईचा आवाज आहे."

"मग मी बोलतो."

"नको. तुझा आवाज आईसारखा नाही. माझा आहे."

ती आईचा फोन घेऊन पलंगाच्या कडेला बसली. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. सुलक्षणाही ग्रुपवर बोलायची तेव्हा अशीच बसायची.

"नमस्कार. मी दिशा, सुलक्षणाची मुलगी. कबुतराने गॅलरीत अंडी घातली असतील तर..."

तिने बोट डावीकडे सरकवलं. मेसेज पुसला गेला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबली.

"आई चुकली, असं म्हणू का रे?"

"तुला नको असेल तर नको म्हणू."

"मग काय म्हणू? तसं म्हटलं नाही तर ऐकतील का?"

सहदेवच्या खिशातला फोन वाजला. रश्मीने त्याच्यापुरतंच लिहिलं होतं: "घरटं काढलं. श्रेयस खूप रडतोय. दादा, सांगितलंत का? मी टाकू?" त्याच्याच खाली ग्रुपवर मुलुंडच्या कोणी नव्या बाईंनी लिहिलं होतं, "आमच्याकडेही दोन अंडी! सुलक्षणाताईंचा मेसेज ऐकला. किती छान. क्रेट ठेवलाय. धन्यवाद."

त्याने फोन दिशासमोर धरला. तिने वाचलं. मग तिने पुन्हा बटण दाबून धरलं आणि तोंड फोनजवळ नेलं.

"नमस्कार. मी दिशा, सुलक्षणाची मुलगी."

बाहेर अंधार पडत चालला होता. जाळी बांधून झाली होती. दिशाने बटण अजून दाबून धरलं होतं, आणि पुढचं वाक्य बोलायचं राहिलं होतं.